जुन्या डॅट कॅसेटी आणि त्या वाजवणारे यंत्र : नाशिककर नवख्यांसाठी मार्गदर्शन

माळ्यावर सापडलेल्या डब्यातील कॅसेटी खरोखरच डॅट, म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात साठवणाऱ्या ‘डिजिटल ऑडिओ टेप’च्या लहान कॅसेटी, आहेत का, हे आधी पाहावे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशा कॅसेटी घेऊन आलेल्या मंडळींपैकी निम्म्यांजवळ डॅट नव्हतीच; लग्नाच्या चित्रीकरणातील मिनी-डीव्ही कॅसेट ते डॅट समजून बसले होते. डॅट कॅसेट 73 मिलिमीटर लांब, 54 मिलिमीटर रुंद आणि साडेदहा मिलिमीटर जाड असते, तर मिनी-डीव्ही तिच्याहून थोडी आखूड आणि थोडी जाड असते. झाकण किंचित उघडून आतील फीत पाहिली, तर डॅटची फीत पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद दिसते आणि मिनी-डीव्हीची सव्वासहा मिलिमीटरहून अधिक. कॅसेटवर 60, 90 किंवा 120 असा आकडा असेल, तर तो मिनिटांचा असतो.

माझ्याकडे हा डबा मामांकडून आला. परदेशातून परतलेल्या एका स्नेह्याकडून त्यांनी 1990 च्या दशकात एक लहान डॅट रेकॉर्डर घेतला आणि घरगुती बैठकींतील गाणे, मे महिन्यात गोदाकाठी भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेतील काही भाषणे आणि आजीच्या ओव्या असे सर्व काही त्यावर घेतले. मामा गेल्यानंतर चाळीस कॅसेटी उरल्या आणि यंत्र मात्र बंद पडलेले होते. पुढे जे लिहिले आहे ते त्या चाळीस कॅसेटींच्या निमित्ताने शिकलेले आहे, आणि त्यातील बरेचसे चुकून शिकलेले आहे.

यंत्र का झिजते

सोनी कंपनीने 1987 मध्ये बाजारात आणलेल्या या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 48,000, 44,100 किंवा 32,000 नमुने घेऊन ते आकड्यांच्या रूपात फितीवर नोंदवले जातात. एवढी माहिती एका अरुंद फितीवर मावावी म्हणून व्हीसीआरची युक्ती वापरलेली आहे : फीत सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर या संथ गतीने सरकते, परंतु तिच्या समोर तीस मिलिमीटर व्यासाचा तिरका बसवलेला ड्रम मिनिटाला 2000 फेऱ्या मारत असतो आणि त्यावरील दोन हेड, म्हणजे फितीवर लिहिणारी आणि वाचणारी बारीक चुंबकीय टोके, तिरप्या रेघा ओढत जातात. प्रत्येक रेघ साधारण साडेतेरा मायक्रॉन रुंद, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी असते. हेड आणि फीत यांचे घर्षण सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने चालते. त्यामुळे या यंत्राचे वय वर्षांत मोजण्यात अर्थ नाही. ते ड्रमच्या तासांत मोजावे लागते, आणि साधारणपणे हजार ते दोन हजार तासांनंतर हेड थकले असे धरून चालावे लागते. पुढील सर्व सल्ल्यांच्या मुळाशी हेच आहे की प्रत्येक तास मोजून आणि फक्त कॅसेटी उतरवून घेण्यासाठी खर्च करावा.

बिघाडाचा स्वभावही ध्यानात ठेवावा. साध्या कॅसेटचा आवाज वर्षानुवर्षे हळूहळू मंदावत जातो आणि आपल्याला आधीच सूचना मिळते. डॅटमध्ये चुका दुरुस्त करण्याची गणिती व्यवस्था इतकी समर्थ आहे, की फितीवरील माहितीचा बराच भाग वाचता न आला तरी कानाला काही कळत नाही. एक हेड पूर्ण तुंबले तरी दुसऱ्या हेडने वाचलेल्या नमुन्यांवरून मधल्या जागा अंदाजाने भरून यंत्र गाणे ओढत राहते. मात्र ही मर्यादा ओलांडली की चरचर होते, आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मग एकदम शांतता पसरते. म्हणून आवाज चांगला येतो एवढ्यावरून यंत्र चांगले आहे असा निष्कर्ष काढू नये.

पहिली पायरी : विकत घेण्याआधी मोजणी

सोनीने 2005 मध्ये शेवटची डॅट यंत्रे बंद केली, त्यामुळे आज मिळेल ते यंत्र किमान वीस वर्षांचे आणि वापरलेले असणार. नवे ध्वनिमुद्रण करण्यासाठी ते घ्यावे असे मला अजिबात वाटत नाही. त्या कामाला आजचा साधा कार्ड-रेकॉर्डर अधिक भरवशाचा आहे. यंत्र घ्यायचे ते हाताशी असलेल्या कॅसेटींतील आवाज संगणकात आणण्यासाठी. म्हणून आधी कॅसेटी मोजाव्यात आणि त्यांच्या एकूण तासांची बेरीज करावी. दहाच्या आत कॅसेटी असतील, तर यंत्राच्या फंदात न पडता मुंबई-पुण्यातील एखाद्या स्टुडिओकडून त्या उतरवून घ्याव्यात, हे खर्चाच्या आणि मनःशांतीच्या दोन्ही दृष्टींनी बरे.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. यातील आकडे बाजारभाव नाहीत, फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. समजा, यंत्र 25,000 रुपयांना पडले, टपाल आणि सीमाशुल्क मिळून 10,000 लागले, ट्रान्सफॉर्मरला 2,500 आणि दुरुस्तीला 8,000 गेले, तर एकूण 45,500 रुपये होतात. आपल्याकडे चाळीस कॅसेटी म्हणजे सुमारे साठ तास आहेत आणि काम झाल्यावर यंत्र 20,000 रुपयांना विकले गेले, तर निव्वळ खर्च 25,500, म्हणजे तासाला 425 आणि कॅसेटमागे सुमारे 640 रुपये पडतो. स्टुडिओने सांगितलेल्या दराशी याच आकड्याची तुलना करावी, नुसत्या यंत्राच्या किमतीशी करू नये. या मांडणीतून आणखी एक गोष्ट दिसते : दुरुस्तीची रक्कम सर्वांत अनिश्चित असते, आणि स्वस्तात मिळालेले यंत्र बहुधा त्याच रकान्यात महाग पडते.

दुसरी पायरी : कोणते यंत्र

घरगुती डेक, खिशातले लहान यंत्र आणि स्टुडिओतील व्यावसायिक यंत्र असे तीन प्रकार आपल्यासमोर येतात. नवख्याने घरगुती किंवा व्यावसायिक डेकच घ्यावा, कारण त्याच्या मागच्या बाजूला कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट सहसा असतेच आणि आत हात घालायला जागाही असते. सोनीच्या टीसीडी-डी7 किंवा डी8 सारख्या लहान यंत्रांची मोहिनी मोठी आहे, हे मान्य. परंतु त्यांचे डिजिटल आउटपुट खास जोडणीच्या वेगळ्या केबलशिवाय वापरता येत नाही, ती केबल आता यंत्राइतकीच दुर्मिळ झाली आहे, आणि आतील सुटे भाग इतके बारीक असतात की दुरुस्ती करणारा हात जोडतो. मामांचे यंत्र याच जातीचे होते. उघडल्यावर आतील कपॅसिटरमधून द्राव गळून सर्किटच्या पट्टीवरचे तांबे हिरवे पडलेले दिसले. त्या पिढीच्या यंत्रांत हा दोष वारंवार आढळतो, आणि यंत्र न वापरता ठेवले म्हणून तो टळत नाही.

मी केलेली चूक इथेच सांगतो. मी हौसेने एक व्यावसायिक डेक घेतला आणि संगीताच्या कॅसेटी त्यावर उत्तम वाजल्या. भाषणांच्या कॅसेटी घालताच मात्र यंत्र गप्प झाले. मामांनी भाषणे लाँग प्ले पद्धतीने घेतली होती, ज्यात 32,000 नमुने आणि अर्धा वेग वापरून दोन तासांच्या कॅसेटवर चार तास बसवता येतात; ही सोय बऱ्याच घरगुती यंत्रांत असते, पण काही यंत्रांत, विशेषतः व्यावसायिक यंत्रांत, नसते. म्हणून कॅसेटच्या कागदावर एलपी किंवा 32 असे काही लिहिले आहे का, ते खरेदीच्या आधी पाहावे आणि यंत्राच्या माहितीपुस्तकात ती सोय आहे याची खात्री करून घ्यावी.

तिसरी पायरी : पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ अनेकदा दिवा लागतो एवढाच असतो. विक्रेत्याकडून एक सलग चित्रफीत मागवावी, ज्यात कॅसेट आत जाते, वाजते, पुढे-मागे धावते आणि बाहेर येते, हे सर्व न तोडता दिसेल. यंत्र समोर असेल तर कान द्यावा. निरोगी यंत्रात कॅसेट खाली बसल्याचा एक आवाज येतो, त्यानंतर दोन खांब फितीला ओढून ड्रमला वळसा घालतात त्याची छोटीशी घरघर ऐकू येते, आणि मग ड्रमचा एकसारखा बारीक सूर लागतो. हे सर्व काही सेकंदांत संपते. यंत्र दोन-तीनदा प्रयत्न करून कॅसेट परत बाहेर फेकत असेल, तर बहुतेक वेळा वाळलेले ग्रीस, सैल पडलेला बेल्ट किंवा यंत्रणेची स्थिती सांगणाऱ्या स्विचवरची काळी पुटे ही कारणे असतात आणि ती दुरुस्त होण्याजोगी असतात. सूर खरखरीत असेल किंवा ड्रम फिरताना घासल्यासारखे वाटत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा, कारण नवा ड्रम मिळणे हा आता केवळ नशिबाचा भाग आहे.

बऱ्याच डेकमध्ये काही बटणे एकत्र दाबली की ड्रमचे एकूण तास पडद्यावर दिसतात, आणि काहींत वाचनातील चुकांचे प्रमाणही दिसते. त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधून ही बटणे कोणती ते आधी माहीत करून घ्यावे. ड्रम बदलल्यावर हा आकडा शून्य केलेला असू शकतो, म्हणून त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. तरीही सहाशे तास दाखवणारे आणि चार हजार तास दाखवणारे यंत्र यांत फरक करायला तो पुरेसा आहे. परीक्षेसाठी आपली जिवाभावाची कॅसेट कधीही वापरू नये. बिनमहत्त्वाची एक कॅसेट वेगळी काढून ठेवावी, आणि नव्या यंत्राच्या तोंडी पहिला बळी तिचाच द्यावा.

चौथी पायरी : वीज

जपानी बाजारातील यंत्र 100 व्होल्टचे आणि अमेरिकी यंत्र 120 व्होल्टचे असते, हे मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. आपल्या 230 व्होल्टच्या विजेसाठी योग्य त्या व्होल्टेजचा उतरता ट्रान्सफॉर्मर घ्यावा. दुकानात सहज मिळणारा 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जपानी यंत्राला लावल्यास ते विनाकारण तापते. यंत्राला वीज थोडीच लागते, त्यामुळे फार मोठा ट्रान्सफॉर्मर नको. कॅसेट आत असताना वीज गेली तर फीत ड्रमभोवतीच अडकून राहते, म्हणून पावसाळ्यात तरी यंत्र यूपीएसवर ठेवावे.

पाचवी पायरी : सफाई

मी जे यंत्र आणले, ते पहिल्यांदा एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिले होते. त्याने माझ्या डोळ्यांदेखत कानात घालायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवली आणि ड्रमवर वर-खाली घासली. हेडचे टोक डोळ्याला दिसतही नाही इतके नाजूक असते. कापसाचा एक धागा त्यात अडकला आणि ते टोक तुटले. दोष त्याचाही नव्हता, कारण साध्या टेपरेकॉर्डरच्या स्थिर हेडला तसेच पुसायची त्याची तीस वर्षांची सवय होती. माझा ड्रम मात्र गेला.

योग्य पद्धत अशी आहे. यंत्राची पिन काढून वरचे झाकण उघडावे. हातावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून आधी धातूच्या चौकटीला स्पर्श करावा. हरणाच्या कातड्यासारखा मऊ, धागे न सुटणारा शॅमॉय तुकडा किंवा व्हिडिओ हेडसाठी मिळणारी कातडी पट्टी 99 टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसती ओलसर करावी. ती पट्टी ड्रमच्या बाजूला हलक्या दाबाने स्थिर धरावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश फिरवावा. पट्टी हलवायची नाही. हलायचे ते ड्रमने. पट्टी वर-खाली तर मुळीच न्यायची नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर पट्टीवर तपकिरी डाग दिसला, तर पट्टीची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा तेच करावे. फितीच्या वाटेतील खांब आणि फीत एकसारख्या वेगाने सरकवणारा कॅप्स्टनचा दांडा त्याच द्रवाने पुसावा, पण फितीला त्या दांड्यावर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल वारंवार लावल्यास ते कडक होते, म्हणून त्यासाठी किंचित ओले कापड पुरेसे असते. सर्व काही पंधरा-वीस मिनिटे सुकू द्यावे आणि मगच कॅसेट घालावी.

सफाई कॅसेट ही सोय आहे, उपचार नव्हे. तिची फीत मुद्दाम खरखरीत असते आणि ती हेड घासूनच मळ काढते, म्हणून चरचर ऐकू आल्यावर ती फक्त पाच-दहा सेकंद चालवावी आणि बंद करावी. वापरलेला भाग परत गुंडाळून पुन्हा वापरू नये. दर रविवारी देवपूजेसारखी सफाई कॅसेट फिरवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांचे हेड स्वच्छही होते आणि झिजलेलेही.

एक लहानशी सवय फार उपयोगी पडते. बहुतेक यंत्रांत पॉज केल्यावरही ड्रम फितीला टेकून फिरतच राहतो. चहाला उठताना पॉज करण्याऐवजी कॅसेट बाहेर काढावी. यामुळे ड्रमचे तास वाचतात आणि फितीचा एकच भाग घासला जात नाही.

दुरुस्ती कोणाकडे करावी, हा प्रश्न नाशिकमध्ये वाटतो तितका अवघड नाही, फक्त चौकशी योग्य ठिकाणी करावी लागते. ‘डॅट दुरुस्त करता का’ असे विचारले, तर कोणीही नाही म्हणेल. त्याऐवजी पूर्वी व्हीसीआर आणि मिनी-डीव्ही कॅमेरे दुरुस्त करणारा जुना मिस्त्री शोधावा, कारण फिरता ड्रम, फीत ओढणारे खांब, रोलर, बेल्ट हे सर्व त्याच्या हाताखालून गेलेले असते. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या जुन्या मंडळींना असे मिस्त्री अचूक माहीत असतात. सर्व्हिस मॅन्युअलची छापील प्रत सोबत न्यावी आणि फितीची वाट ठरवणारे खांब वर-खाली फिरवू नयेत, असे नम्रपणे सांगावे. ती जुळणी बिघडली की आपल्याच जुन्या कॅसेटी वाचता येत नाहीत.

सहावी पायरी : नाशिकची हवा

आपल्याकडे यंत्राला दोन ऋतू जड जातात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फीत ओलसर होते, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा थंड यंत्र उबदार खोलीत आणले की धातूच्या ड्रमवर दव साचते. बऱ्याच यंत्रांत दव ओळखणारा संवेदक असतो आणि तो पडद्यावर सूचना दाखवून यंत्र थांबवतो. ती सूचना आली तर यंत्र सुरू ठेवून, कॅसेट न घालता, एक-दोन तास तसेच राहू द्यावे. हेअर ड्रायरचा उपाय करू नये.

फीत ओलसर असेल तर मात्र हा संवेदक कामास येत नाही. पंचवटीतील एका जुन्या वाड्यातून ऐन आषाढात आलेली कॅसेट मी त्याच संध्याकाळी उत्साहाने यंत्रात घातली. पहिली दहा मिनिटे तंबोरे सुरेख ऐकू आले, मग एक ‘फट’ असा आवाज झाला आणि यंत्र थांबले. झाकण काढून पाहतो, तर गुळगुळीत ड्रमला ओली फीत ओल्या धोतरासारखी चिकटून बसली होती. अशा वेळी कॅसेट बाहेर ओढू नये. मी पिन काढली, पंख्याच्या मंद वाऱ्यात यंत्र तासभर उघडे ठेवले, फीत आपोआप सुटल्यावर लोडिंग मोटरचे दंतचक्र बोटाने उलटे फिरवत खांब मागे आणले आणि सैल पडलेली फीत कॅसेटच्या चक्रीने आत गुंडाळली. फितीला सुरकुती पडली ती पडलीच. तेवढ्या जागी आवाज चार सेकंद जातो.

तेव्हापासून बाहेरून आलेली प्रत्येक कॅसेट मी कोरड्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवतो आणि मगच वाजवतो. जेल रंग बदलणारे घ्यावे, म्हणजे ते कधी तापवून पुन्हा कोरडे करायचे ते कळते. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, पूर्ण गुंडाळून ठेवाव्यात, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत.

सातवी पायरी : कॅसेट संगणकात उतरवणे

प्रथम कॅसेटच्या मागच्या बाजूची छोटी पट्टी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे चुकून तिच्यावर काही नोंदवले जाणार नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत धावती करून परत सुरुवातीला आणावी. वर्षानुवर्षे एकाच ताणाने बसलेली फीत यामुळे सैल होते. डेकचे डिजिटल आउटपुट संगणकाच्या एस/पीडीआयएफ (डिजिटल आवाज जसाच्या तसा घेणारे) इनपुट असलेल्या साउंड इंटरफेसला, म्हणजे संगणकात आवाज घेणाऱ्या जोडयंत्राला, जोडावे आणि सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यांचा ताल ठरवणारे घड्याळ बाहेरचे, म्हणजे डेकचे, निवडावे. हे विसरल्यास दर काही सेकंदांनी बारीक टकटक ऐकू येते, आणि नवखा माणूस बिचाऱ्या हेडला दोष देत बसतो. नमुन्यांचा दर कॅसेटवर आहे तोच ठेवावा. 48,000 च्या दराने एका तासाची फाइल सुमारे 690 मेगाबाइट होते, म्हणजे चाळीस कॅसेटी एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतात.

डिजिटल प्रतींवर मर्यादा घालणारी एक खूण घरगुती डॅटवर असते. अमेरिकेत 1992 च्या कायद्याने ती सक्तीची झाली आणि तिच्यामुळे डॅटवर घेतलेल्या डिजिटल प्रतीवरून दुसऱ्या डॅटवर पुन्हा डिजिटल प्रत होत नाही. संगणकाचे बहुतेक इंटरफेस ही खूण मानत नाहीत, त्यामुळे आपल्या घरच्या ध्वनिमुद्रणाला तिचा अडथळा सहसा होत नाही. काही जुन्या ध्वनिमुद्रणांत उंच स्वर मुद्दाम वाढवून नोंदवलेले असतात आणि डेकच्या पडद्यावर ‘एम्फॅसिस’ असा शब्द दिसतो; तो दिसल्यास लिहून ठेवावे आणि नंतर सॉफ्टवेअरने तेवढी दुरुस्ती करावी, अन्यथा गाणे कर्कश ऐकू येते.

उतरवताना शेजारी बसून पूर्ण ऐकावे. कोणत्या मिनिटाला आवाज तुटला ते वहीत टिपावे, हेड पुसून तेवढाच भाग पुन्हा घ्यावा. आजीच्या ओव्यांची कॅसेट मला तीन वेळा चालवावी लागली. प्रत्येक खेपेस आवाज वेगळ्या ठिकाणी तुटला आणि तिन्ही प्रतींतील चांगले तुकडे जोडून एक सलग प्रत झाली. दोनदा सफाई करूनही एकाच ठिकाणी तुटत असेल, तर ती कॅसेट बाजूला काढावी. ती ज्या यंत्रावर नोंदवली त्याचीच जुळणी वेगळी असण्याची शक्यता असते, आणि असे काम खांबांची जुळणी मुद्दाम बदलून वाचणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. माझ्या चाळीसपैकी तीन कॅसेटी अशा निघाल्या. त्या अजून हवाबंद डब्यात आहेत, आणि डब्याच्या झाकणावर मी प्रत्येकीपुढे शेवटच्या प्रयत्नाची तारीख आणि तेव्हाचे ड्रमचे तास लिहून ठेवले आहेत.